ताजमहाल हॉटेल खरंच उलटं बांधलंय का?

सिव्हिलच्या प्रत्येक बॅचला ही गोष्ट कुणी ना कुणी सीनियर सांगतोच. मुंबईचं ताजमहाल हॉटेल एका गोऱ्या आर्किटेक्टने डिझाइन केलं. प्लॅन हातात देऊन साहेब बोटीने विलायतेला गेला. इकडे आपल्या लोकांनी ड्रॉइंग उलटं धरलं आणि जी बाजू समुद्राकडे यायची ती शहराकडे गेली. काही वर्षांनी साहेब परत आला, बोटीच्या डेकवरूनच त्याला हॉटेलची पाठ दिसली, आणि त्याने तडक घुमटावर चढून उडी मारली! गोष्ट संपली की सांगणारा हमखास म्हणतो, "म्हणून शीटवर नॉर्थ पॉइंट काढायला विसरायचं नाही."

नॉर्थ पॉइंट काढावाच, त्याचे मार्क असतात. पण गोष्ट साफ खोटी आहे. आणि मित्रांनो, ती नुसती खोटी असती तर चाललं असतं. ह्या गोष्टीत डोकं साहेबाचं आहे आणि चूक आपल्या माणसांची आहे. प्रत्यक्षात ते डोकंच आपल्या माणसाचं होतं, आणि चूक झालेलीच नव्हती. आपण भावी इंजिनिअर्स ही गोष्ट चहाच्या टपरीवर हसत हसत सांगतो, म्हणजे आपल्याच धंद्यातल्या एका मोठ्या माणसाचं नाव पुसतो. म्हणून हा लेख.

नावं कोणाची?

ताजचं मूळ काम ज्यांच्याकडे होतं ते दोघे म्हणजे रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा. दोघेही इथलेच. वैद्य हे नाव मुंबईच्या बांधकामात त्याआधीच झालेलं होतं. व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, हे एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं डिझाइन म्हणून आपण पाठ करतो. १८७८ पासून साधारण दहा वर्षं ते काम चाललं. त्यात स्टीव्हन्सचे असिस्टंट इंजिनिअर होते सीताराम खंडेराव. धर्माबादला देवगिरी एक्सप्रेसमध्ये बसलेला माणूस सकाळी ज्या घुमटाखाली उतरतो, त्या घुमटाच्या कामात हे गृहस्थ होते. तिथून दोन-अडीच किलोमीटरवर ताज आहे. म्हणजे स्टेशनपासून हॉटेलपर्यंत चालत गेलात तर एका मराठी इंजिनिअरच्या एका कामापासून दुसऱ्या कामापर्यंत गेलात असं समजा.

ताज बांधलं खानसाहेब सोराबजी रुतनजी कॉन्ट्रॅक्टर यांनी (आडनावातच धंदा!). आतला प्रसिद्ध जिना त्यांच्याच डोक्यातून निघालेला. काम पुरं होण्याआधीच वैद्य वारले आणि उरलेलं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स नावाच्या इंग्रज इंजिनिअरने हाती घेतलं. म्हणजे गोष्टीतला साहेब खऱ्या इतिहासात शेवटी आला. त्याने उडी वगैरे काही मारली नाही, काम पुरं केलं.

आता मालकाकडे बघू. जमशेटजी टाटांनी १८९८ मध्ये अपोलो बंदरावरची जागा भाडेपट्ट्याने घेतली. काळ कसला होता? १८९६ पासून मुंबईत प्लेगने थैमान घातलं होतं, माणसं शहर सोडून पळत होती. अशा वेळी स्वतःच्या खिशातून एवढं मोठं हॉटेल बांधायला काढायचं म्हणजे लोकांनी वेड्यात काढण्यासारखंच. विज्ञानाची संस्था काढायची म्हणतोस, लोखंडाचा कारखाना काढायचा म्हणतोस, आणि आता भटारखाना काढतोस का, असं त्यांच्या बहिणीने विचारलं होतं म्हणे. हॉटेल उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला. पहिल्या दिवशी पाहुणे किती? सतरा! आणि जमशेटजी १९ मे १९०४ ला गेले. बंगलोरची संस्था १९०९ ला, पोलादाची कंपनी १९०७ ला, खोपोलीची वीज १९१५ ला. त्यांच्या ह्या मोठ्या स्वप्नांपैकी त्यांच्या डोळ्यांदेखत उभं राहिलं ते फक्त हे हॉटेल.

जाता जाता दुसऱ्या एका गोष्टीचाही समाचार घेऊ. जमशेटजींना वॉटसन्स हॉटेलमध्ये 'फक्त गोऱ्यांसाठी' म्हणून दारातून परत पाठवलं आणि त्या रागातून ताज उभं राहिलं, ही ती गोष्ट. ऐकायला झकास आहे, पण इतिहासकारांना ती फारशी पटत नाही. त्या काळच्या मुंबईला परगावच्या माणसाला नेऊन उतरवण्यासारखं एकही धड हॉटेल नव्हतं, आणि आपल्या शहरात ते असावं असं जमशेटजींना वाटत होतं. हे कारण मला पुरेसं वाटतं. वॉटसन्स मात्र आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची इमारत आहे. रोलंड मेसन ऑर्डिश ह्या इंजिनिअरने तिचा सांगाडा ओतीव लोखंडाचा केला. खांब-तुळया इंग्लंडमध्ये तयार होऊन बोटीने आल्या आणि १८६० च्या दशकात काळ्या घोड्याजवळ जोडल्या गेल्या. आपण 'प्रीफॅब' म्हणून आज शिकतो ते हेच. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंचे हलते फोटो भारतात पहिल्यांदा तिथेच दाखवले गेले. पुढे तिचं एस्प्लनेड मॅन्शन झालं, आतून पोटभाडेकरूंची खुराडी झाली, आणि २०१९ मध्ये ती धोकादायक म्हणून रिकामी करण्यात आली.

मग पाठ समुद्राकडे का?

आता मुख्य प्रश्न. ताजचा प्लॅन इंग्रजी यू अक्षरासारखा, किंवा घोड्याच्या नालासारखा आहे. नालाचा बंद भाग बंदराकडे, म्हणजे पूर्वेला. उघडा भाग पश्चिमेला, शहराकडे. मूळचं प्रवेशद्वार ह्या उघड्या बाजूला होतं. पाहुण्यांच्या घोडागाड्या शहरातून यायच्या आणि नालाच्या पोटातल्या बागेत शिरायच्या.

मुंबई न पाहिलेल्या माणसाला वाटतं की हॉटेलसमोर समुद्र आहे, म्हणजे वारा समोरून येणार. इथेच गफलत होते. गेटवेसमोर दिसतं ते बंदराचं पाणी आहे. त्याच्या पलीकडे उरण-अलिबागकडची जमीन आहे. खरा अरबी समुद्र हॉटेलच्या पाठीमागे, पश्चिमेला. दुपारी जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, कारण पाण्याची विशिष्ट उष्णता कोरड्या मातीच्या चार-पाच पट असते. जमिनीवरची हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची गार हवा येते. मुंबईत दुपारचा हा वारा पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो. फर्स्ट इयरच्या फिजिक्सला हे आपण चार ओळीत लिहून सोडून दिलेलं आहे.

आता यू चं तोंड पश्चिमेला ठेवून बघा. आलेला वारा नालाच्या पोटात शिरतो, दोन्ही हातांच्या आतल्या खोल्यांना मिळतो. बंद बाजूच्या बाहेरच्या खोल्यांना बंदराचा देखावा मिळतो. म्हणजे एका रांगेला वारा, दुसऱ्या रांगेला नजारा, आणि गाड्या-घोड्यांची वर्दळ नजाऱ्याच्या बाजूला अजिबात नाही. हेच तोंड पूर्वेला केलं असतं तर पश्चिमेचा वारा बंद भिंतीवर आपटला असता, आणि बंदराकडच्या बाजूला घोड्यांची लीद पडली असती. चूक कुठे आहे, दाखवा!

शिवाय 'समोर' म्हणजे काय हेही बघायला हवं. आज आपण गेटवे ऑफ इंडियाच्या बाजूने फोटो काढतो म्हणून ती बाजू आपल्याला समोरची वाटते. गेटवे पुरा झाला १९२४ मध्ये. हॉटेल त्याच्या २१ वर्षं आधीचं आहे.

मला स्वतःला वाटतं की ही अफवा एअर कंडिशनरने पिकवली. खिडक्या बंद झाल्या, वाऱ्याची गरज संपली, आणि प्लॅन तसा का आहे याचं कारणच दिसेनासं झालं. पुढे प्रवेशद्वारही बंदराच्या बाजूला हलवलं आणि जुन्या बागेच्या जागी पोहण्याचा तलाव झाला. कारण हरवलेली कुठलीही रचना चुकीचीच दिसते. आपल्याकडचं जुनं माळवदाचं घर पाहून शहरातले पाहुणे विचारतातच ना, की खिडक्या एवढ्या लहान का ठेवल्या, तुमच्या लोकांना हवा नको होती का? धर्माबादला मे महिन्यात दुपारी दोन वाजता बाहेर उभं राहिलं की उत्तर मिळतं. इथला वारा आत घ्यायचा नसतो, बाहेर ठेवायचा असतो. म्हणून दोन-दोन फुटांची भिंत आणि नावाला झरोका. मुंबईत आर्द्रता आहे, तिथे घाम वाळायला वारा लागतो. दोन्हीकडच्या गवंड्यांना हे ठाऊक होतं.

आत काय आहे

दारातून आत गेल्यावर नजर जाते ती जिन्याकडे. मधल्या घुमटाखाली तो मजल्यामागून मजला वर चढत जातो, लोखंडी नक्षीचे कठडे, आणि खालून पाहिलं तर आधाराचा खांब दिसत नाही. म्हणूनच त्याला तरंगता जिना म्हणतात. तरंगत काही नसतं, हे आपल्याला माहीत आहे. अशा जिन्यात पायरीचं एक टोक भिंतीत घट्ट धरलेलं असतं, म्हणून आपण पटकन कॅन्टिलिव्हर म्हणून मोकळे होतो. पण पायऱ्यांच्या जुन्या जिन्याचं काम त्याहून गमतीचं असतं. प्रत्येक पायरी थोडी खालच्या पायरीवर टेकते, तिला पीळ बसतो आणि तो पीळ भिंत पेलते. भार असा पायरीपायरीने खाली उतरत जमिनीपर्यंत पोचतो. स्ट्रक्चरच्या व्हायवाला नुसतं 'कॅन्टिलिव्हर सर' म्हणालात तर पुढचा प्रश्न हाच येईल.

वर सुमारे २४० फुटांवर घुमट. जिन्याचा चौक त्याच्याखाली मोकळा ठेवलेला आहे, त्यामुळे उजेड खाली येतो आणि खालची तापलेली हवा वर चढून जाऊ शकते. चिमणीचं तत्त्व. बाहेरून पाहिलं तर ही इमारत कुठल्या एका शैलीची म्हणता येत नाही. कोपऱ्यावरचे छोटे घुमट आणि कमानी इकडच्या, सज्जे गुजरातकडचे, मधला घुमट युरोपकडचा. स्टीव्हन्सच्या हाताखाली तयार झालेल्या माणसाकडून हे मिश्रण येणं साहजिकच आहे.

सामान आणायला जमशेटजी स्वतः फिरले. विजेची यंत्रं जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फची, झुंबरं बर्लिनची, पंखे अमेरिकेचे, आणि मोठ्या हॉलचे लोखंडी खांब पॅरिसचे. हे खांब आणि आयफेल टॉवर एकाच ऑर्डरमधले असं हौसेने सांगतात. टॉवर १८८९ चा, हॉटेल १९०३ चं. मधली चौदा वर्षं माल कुठे पडून होता ते सांगणारा कोणी भेटलेला नाही, त्यामुळे मी तरी ह्यावर पैज लावणार नाही. ते खांब आजही हॉलचं छत पेलून उभे आहेत, तेवढं पुरे आहे.

मेकॅनिकल आणि इलेक्ट्रिकलच्या मित्रांनो, तुमच्यासाठीही माल आहे. मुंबईत गॅसचे दिवे चालू असताना ही इमारत विजेवर उजळली. जर्मन लिफ्ट होत्या. कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारा बर्फाचा प्लान्ट होता. म्हणजे आज पर्यावरणवाले ज्या वायूचं रेफ्रिजरंट म्हणून पुन्हा कौतुक करू लागलेत, तो ताजच्या तळघरात शंभर वर्षांपूर्वी काम करत होता. हा नाद जमशेटजींना जुनाच होता. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये (१८७७) त्यांनी हवा दमट ठेवायची यंत्रं आणि आगीसाठी पाण्याचे फवारे बसवले होते. गिरणीतला कामगार आणि हॉटेलातला पाहुणा, दोघांसाठी प्रश्न एकच: आतली हवा कशी राखायची?

सगळ्याचा खर्च अडीच लाख पौंड झाल्याचं सांगतात. हा पैसा वसूल कसा करायचा?

पैसा कुठून येतो

युरोपात ह्या प्रश्नाचं एक सोपं उत्तर होतं. हॉटेलच्या शेजारी जुगाराचा अड्डा काढायचा! मोनॅको ह्या टीचभर राज्याने १८६१ मध्ये आपला बहुतेक मुलूख गमावला. लिंबं आणि ऑलिव्ह पिकवणारी गावं गेली, तिजोरी रिकामी झाली. १८६३ मध्ये फ्रांस्वा ब्लांक नावाच्या माणसाने तिथल्या कॅसिनोचा कारभार हातात घेतला. १८६४ मध्ये शेजारी ओतेल द पारी उघडलं. १८६९ मध्ये राजाने प्रजेचे प्रत्यक्ष करच माफ करून टाकले. १८७९ मध्ये पॅरिसच्या ऑपेराचा आर्किटेक्ट शार्ल गार्निए याने कॅसिनोला लागून नाट्यगृह बांधून दिलं. संगमरवरी फरशी, २८ खांबांचं दालन, सोन्याचा मुलामा, रंगवलेली छतं. आणि गंमत म्हणजे मोनॅकोच्या नागरिकांना स्वतःच्या कॅसिनोत खेळायला बंदी! राजा हुशार होता.

हे सोनं कुठून आलं ते एम-थ्रीसुद्धा न लागणाऱ्या गणितात सांगता येतं. युरोपी रूलेच्या चाकावर ० ते ३६ असे ३७ खाने असतात. एका आकड्यावर रुपया लावला आणि लागला, तर ३५ रुपये वर मिळतात आणि आपला रुपया परत, एकूण ३६. आता समजा कोणी सगळ्याच ३७ आकड्यांवर एकेक रुपया लावला. ३७ गेले, ३६ आले. दर फेरीला रुपया घराचा. शंभराला २.७ रुपये. त्या एका शून्याच्या खान्यावर मोनॅकोचं छत उभं आहे.

२.७ टक्के म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? मग हे बघा. तुमच्याकडे १०० रुपये आहेत आणि लाल-काळ्यावर रुपया रुपया लावत ते २०० करायचे आहेत. दर खेपेला जिंकायची शक्यता ३७ पैकी १८, हरायची ३७ पैकी १९. खिसा रिकामा होण्याआधी २०० गाठण्याची शक्यता काढायला १९ भागिले १८ चा शंभरावा घात घ्या. तो येतो साधारण २२३. म्हणजे शक्यता २२४ त एक! हजार जण असे बसले तर चार-पाच जण पैसे दुप्पट करून उठतील, बाकीचे सगळे रिकाम्या हाताने. तेच शंभर रुपये एकदाच लावून उठलात तर शक्यता जवळजवळ निम्मी आहे. म्हणून गिऱ्हाईक जास्तीत जास्त वेळ आत बसावं, याच हिशोबाने कॅसिनोची आतली मांडणी होत आली. ताजची खोली वारा आणि देखावा आत आणायला बांधली. आजच्या बहुतेक कॅसिनोंच्या दालनात खिडकी नसते, घड्याळ नसतं, दिवस आहे की रात्र ते कळत नाही.

ह्या घराला एका यंत्रवाल्याने मात्र चकवलं. जोसेफ जॅगर हा इंग्लंडमधल्या यॉर्कशायरचा कापड-गिरण्यांच्या धंद्यातला माणूस. कुठलंही फिरणारं चाक पूर्ण समतोल नसतं, हे त्याला गिरणीत कळलेलं. त्याने माँटे कार्लोत माणसं बसवून कुठल्या चाकावर कुठले आकडे लागतात याची नोंद करवली. एक चाक कलतं निघालं आणि त्याने भरपूर पैसा कमावला. कॅसिनोने मग चाकांची रचना बदलली. बॅलन्सिंगचं प्रॅक्टिकल कंटाळवाणं वाटतं त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

आणि आपल्या गल्लीतला मटका? दहा आकड्यांतला एक लावायचा, लागला तर साधारण नऊपट. शंभराला दहा रुपये घराचे. म्हणजे पानटपरीमागचा चिठ्ठीवाला माँटे कार्लोच्या जवळजवळ चौपट कापतो, तेही संगमरवर न दाखवता. मोबाईलवरच्या पैशांच्या खेळांनी तर होस्टेलच्या खोल्याच गाठल्या होत्या. त्यावर केंद्राने २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला.

ताजमध्ये कॅसिनो का नाही, याचं उत्तर कायद्यात आहे. मुंबई इलाख्यात १८८७ पासून जुगारबंदीचा कायदा आहे. १९७६ मध्ये महाराष्ट्राने कॅसिनोंचं नियंत्रण आणि करआकारणी यासाठी एक वेगळा कायदा विधिमंडळात मंजूर केला खरा, पण तो कधी लागूच केला नाही. कायदा पुस्तकात, कॅसिनो कुठेच नाही, असं ४७ वर्षं चाललं. मधून मधून कोणीतरी मागणी करायचं, कोर्टातही प्रकरण गेलं. शेवटी २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. गोव्याचं उलट झालं. तिथलाही कायदा १९७६ चाच. १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत मशीनवरच्या खेळांना परवानगी मिळाली, १९९६ मध्ये पाण्यावरच्या जहाजांत टेबलावरच्या खेळांनाही. मांडवीत पणजीसमोर उभी असलेली झगमगती जहाजं ही त्या दुरुस्तीची फळं.

खोल्यांवर चाललेलं पोट

कॅसिनोची कमाई नाही म्हटल्यावर ताजचं पोट खोल्या आणि जेवण यांवरच. पहिल्या महायुद्धात त्याचं ६०० खाटांचं लष्करी हॉस्पिटल झालं. शेजारचं ग्रीन्स हॉटेल १९०४ मध्येच टाटांनी विकत घेतलं होतं. पुढे ते पाडलं आणि १९७३ मध्ये त्या जागी आजचा उंच टॉवर उभा राहिला. टॉवरबद्दल फार लिहीत नाही. खोल्या वाढल्या, देखावा वाढला, पण जुन्या इमारतीशेजारी तो उपरा वाटतो, असं माझं मत.

आपल्या भागातल्या लोकांना ताजपेक्षा हैदराबादचा फलकनुमा ओळखीचा. १९४८ पर्यंत धर्माबाद निजामाच्याच मुलखात होतं. फलकनुमा महाल नवाब विकार-उल-उमरा यांनी १८८४ मध्ये बांधायला काढला. १०१ माणसं एका वेळी बसतील असं जेवणाचं टेबल, विलायती बिलियर्ड टेबल, झुंबरंच झुंबरं. खर्च एवढा झाला की नवाबसाहेब कर्जात बुडाले आणि महाल सहाव्या निजामाकडे गेला. नोव्हेंबर २०१० मध्ये तो ताज ग्रुपचंच हॉटेल म्हणून उघडला. एक महाल हॉटेल होऊन जगला, आणि एक हॉटेल पहिल्यापासून महालासारखं दिसत आलं.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र सगळ्यांना माहीत आहे. अतिरेकी आत शिरले, घुमटाखालचे वरचे मजले पेटले, आणि २९ तारखेच्या सकाळपर्यंत ते चाललं. ताजमध्ये किमान ३१ माणसं गेली, त्यात हॉटेलचे कर्मचारीही होते. २८ तारखेला मेजर संदीप उन्नीकृष्णन ह्याच इमारतीत लढताना शहीद झाले. घुमट मात्र कोसळला नाही. टॉवर २१ डिसेंबर २००८ लाच पुन्हा सुरू झाला. जुन्या भागाला वेळ लागला, तो उघडला १५ ऑगस्ट २०१० ला.

त्या रात्री वेटर, टेलिफोन ऑपरेटर, स्वयंपाकी हे लोक मागची दारं आणि जिने माहीत असूनही पळाले नाहीत. पाहुण्यांना बाहेर काढण्यासाठी थांबले. असं का झालं, यावर रोहित देशपांडे आणि अंजली रैना यांचा लेख 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'च्या डिसेंबर २०११ च्या अंकात आला होता. त्यात एक मुद्दा असा की, ताज आपली माणसं मोठ्या महानगरांपेक्षा लहान गावांतून मुद्दाम निवडतं, कारण वडीलधाऱ्यांचा मान आणि माणुसकी तिथल्या मुलांत जास्त टिकून असते. मार्कांपेक्षा स्वभाव बघतात. कॅम्पस इंटरव्ह्यूला आपण गावाचं नाव हळू आवाजात सांगतो, त्यांनी हे वाचलेलं बरं.

२०१७ मध्ये ह्या इमारतीच्या आकाराचा ट्रेडमार्क नोंदवला गेला. भारतात एखाद्या इमारतीला तो पहिल्यांदाच मिळाला. मालक म्हणून इंडियन हॉटेल्स कंपनीचं नाव आहे, आणि परवानगीशिवाय त्या घुमटाचं चित्र धंद्यासाठी वापरता येत नाही.

मुंबईला परीक्षेला, मुलाखतीला जाणारे आपल्यापैकी बरेच असतात. देवगिरी सकाळी पोचते, हातात दोन तास असतात. स्टेशनबाहेर रस्ता ओलांडून आधी मागे वळून घुमट बघा. मग फोर्टातून चालत काळ्या घोड्याला या, एस्प्लनेड मॅन्शनचे लोखंडी खांब बाहेरूनच बघा. तिथून अपोलो बंदर. गेटवेपाशी सगळे थांबतात तसे थांबा, फोटो काढा, पण तेवढ्यावर परत फिरू नका. हॉटेलला वळसा घालून मागच्या रस्त्याने जा, जिकडून पूर्वी घोडागाड्या आत शिरायच्या. दुपार असेल तर वारा तुमच्या पाठीवर असेल.